बिघडलेली दुरुस्ती : एका शस्त्रकर्माचा इतिहास



घोडनदीच्या काठी वसंतातल्या संध्याकाळी कोणी इतिहासावर बोलावयास उभा राहिला, की तो शिरूरच्या जुन्या छावणीवर बोलणार, नाहीतर ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री त्या छावणीतून निघून दुसऱ्या दिवशी कोरेगावास लढलेल्या पलटणीवर बोलणार, असे आपण धरूनच येता. तोच वक्ता दौंडला उभा राहिला तर १८७८ साली सुरू झालेला दौंड-मनमाड लोहमार्ग त्याला टाळता येत नाही. आम्ही शिरूरलाही ही अपेक्षा मोडली आणि दौंडलाही मोडली. आमचा विषय लढाईचा नाही व आगगाडीचाही नाही. काही मुलगे जन्मतः ज्या एका शरीरदोषासह येतात, तो दुरुस्त करण्याच्या शस्त्रक्रियेचा, आणि विशेषतः ती फसल्यावर पुन्हा करावी लागणाऱ्या शस्त्रक्रियेचा हा इतिहास आहे.

सभेत भगिनीही बसल्या आहेत, तेव्हा हा विषय काढावा की नाही याचा आम्ही विचार केला. पण तान्ह्याला न्हाऊ घालणारी आईच हा दोष प्रथम पाहते. ती पाहते आणि कोणाशी बोलत नाही. बोलण्याची चोरी आहे म्हणून तर सगळे घोटाळे होतात. मग सभेने तरी तोंड का मिटून घ्यावे?

आम्ही काही डॉक्टर नव्हे. उभा जन्म कामगारांचे अर्ज लिहिण्यात आणि व्यवस्थापनाच्या दारात बसण्यात गेला. शाळा लवकर सुटली, पुढचे जे काही वाचले ते वाचनालयांच्या बाकांवर वाचले. हा विषय आमच्याकडे आला तोही एका रजेच्या अर्जातून आला.

काही वर्षांपूर्वी कुरकुंभच्या बाजूचा एक कंत्राटी कामगार युनियनच्या कचेरीत आला. चार दिवसांची रजा हवी होती. कारण काय लिहू, असे विचारले तर म्हणाला, "मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन, असं लिहा साहेब." आम्ही लिहिले. वर्ष-सव्वा वर्षाने पुन्हा आला, पुन्हा हर्निया. तिसऱ्या खेपेला आला तेव्हा सांगू लागला, की फोरमन सगळ्यांच्या देखत म्हणतो, किती हर्निया रे तुझ्या पोराला? हे सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आले. मग दार लोटून घेऊन त्याने खरे काय ते सांगितले. मुलगा नऊ वर्षांचा. लघवीची जागा टोकाला नाही, खाली आहे. तीन वेळा शस्त्रक्रिया झाली. आता लघवी दोन ठिकाणांहून गळते. मुलगा शाळेत पाणी पीत नाही. आई सकाळी बाटली भरून देते, ती संध्याकाळी तशीच भरलेली परत येते. पाणी प्यायले तर मुतारीत जावे लागेल आणि तिथे बाकीची पोरे असतात.

त्या बाटलीने आम्हांला वाचायला बसवले.

या दोषाला वैद्यकात हायपोस्पेडिअस म्हणतात. शब्द ग्रीक आहे, खालच्या बाजूची फट असा त्याचा भाव. मूल आईच्या पोटात असताना मुलग्याचा मूत्रमार्ग उघड्या पन्हळीसारखा असतो आणि ती पन्हळ हळूहळू मिटत टोकापर्यंत जाते. हे मिटणे वाटेतच थांबले, की मूत्रमार्गाचे तोंड शिश्नाच्या खालच्या अंगाला राहते. कधी टोकाच्या अगदी जवळ, कधी मध्यावर, कधी पार अंडकोशापाशी. पुष्कळदा इंद्रियाला खालच्या बाजूस बाक असतो आणि पुढची कातडी वरच्या बाजूला टोपीसारखी गोळा झालेली असते. दर दोनशे ते तीनशे मुलग्यांमागे साधारण एकाला हा दोष असतो असे धरतात. म्हणजे शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मिळून असे मुलगे आणि पुरुष शेकड्यांनी असणार, आणि तरीही आपल्यापैकी बहुतेकांनी हा शब्द आजच ऐकला. ग्रहणात आईने विळीवर काही चिरले म्हणून हे झाले, असे सांगणाऱ्या आजीबाई अजून आहेत. त्यात काडीचेही तथ्य नाही. सगळी कारणे अजून उलगडलेली नाहीत. काही घराण्यांत हा दोष वारंवार दिसतो. पण आईच्या वागण्याला दोष द्यावा असे काही त्यात नाही.

आता इतिहासाकडे वळू.

इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील हेलिओडोरस आणि अँटिलस या ग्रीक शस्त्रवैद्यांचा उपाय सरळ होता : छिद्राच्या पुढचा भाग छाटून टाकायचा, म्हणजे छिद्र आपोआप टोकाला येते! गिऱ्हाइकाचा अंगरखा आखूड झाला तर त्याचे हात कापावेत, तसला हा न्याय. पुढे कित्येक शतके यापेक्षा फारसे बरे काही घडले नाही. कारण नवी नळी करायची तर कातडी हवी. एका जागची कातडी दुसऱ्या जागी न्यायची तर ती जिवंत राहिली पाहिजे. आणि जिवंत कातडी हलवण्याची विद्या युरोपात जवळजवळ विसरली गेली होती.

ती विद्या आपल्याकडे होती. सुश्रुतसंहितेत कापलेल्या नाकाकानांच्या दुरुस्तीचे वर्णन आहे हे आपण शाळेत ऐकतो आणि अभिमानाने मान डोलावून घरी जातो. आम्हांला त्याहून जवळची एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. ती पुण्याची आहे. १७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेकडे बैल हाकणारा, कावसजी या नावाने नोंदलेला एक मराठा शेतकरी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक कापले आणि एक हात तोडला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. हा माणूस वैद्य नव्हता. विटा पाडणाऱ्या जातीतला होता, एवढेच इंग्रजांनी लिहून ठेवले आहे. टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली, आणि ऑक्टोबर १७९४ च्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये तिची हकीकत छापून आली. पेशव्यांच्या दरबाराची चित्रे काढणाऱ्या जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचेही चित्र काढले.

पद्धत अशी. नाकाच्या थोटकावर मेणाचा पातळ पत्रा बसवून आकार घ्यायचा. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ मारायची. तेवढी कपाळाची कातडी सोडवून घ्यायची, पण दोन भुवयांच्या मधोमध एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवायची. मग ती कातडी पिरगाळून खाली आणायची आणि नाकाच्या जागी बसवायची. वर विड्यातला कात लावलेल्या मऊ फडक्याच्या पट्ट्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड. पाच-सहा दिवस रोग्याने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून त्यांत फडक्याचे बोळे घालायचे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी कापायची.

सगळी मख्खी त्या भुवयांमधल्या पट्टीत आहे. तिच्यातून रक्त येत राहते म्हणून कातडी जगते. ज्या दिवशी नवी जागा रक्त देऊ लागेल, त्या दिवशी जुने नाते तोडायचे, आधी नाही. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याने ही हकीकत वाचून २३ ऑक्टोबर १८१४ रोजी तशीच शस्त्रक्रिया केली, १८१६ साली तिच्यावर पुस्तक लिहिले, आणि युरोपातल्या नव्या अवयव-दुरुस्तीच्या शास्त्राला तिथून गती मिळाली. क्रूसोचे नाव राहिले, कार्प्यूचे राहिले, बैल हाकणाऱ्याचेही राहिले. ज्याच्या हातांनी हे केले त्याचे नाव मात्र कोणी विचारले नाही. कामगारांत आयुष्य काढलेल्या आम्हांला याचे नवल वाटत नाही, एवढे बोलून पुढे जातो.

एकोणिसाव्या शतकात शस्त्रवैद्यांनी हीच विद्या मूत्रमार्गाला लावली. १८७४ मध्ये पॅरिसच्या सिमाँ ड्युप्ले याने काम टप्प्यांत वाटले : आधी बाक काढून इंद्रिय सरळ करायचे, ते बरे होऊ द्यायचे आणि मग कातडीची नळी वळायची. १९४९ साली लंडनच्या डेनिस ब्राउन याने कातडीची नुसती पट्टी आत पुरून ठेवण्याची युक्ती मांडली. ती पट्टी आपणच नळी होईल असा त्याचा हिशेब. १९७१ मध्ये आग्र्याच्या डॉ. हरिशंकर आसोपांनी पुढच्या कातडीच्या आतल्या अंगाची नळी करून एकाच बैठकीत काम उरकण्याची रीत प्रसिद्ध केली आणि ती जगभर गेली. १९९४ साली अमेरिकेतील वॉरन स्नॉडग्रास यांनी तळाच्या पट्टीला मधोमध चीर देऊन ती रुंद करण्याची रीत सांगितली; टोकाजवळच्या सौम्य दोषासाठी आज ती फार वापरली जाते. अशा एकूण दोनशेहून अधिक पद्धती ग्रंथांत आहेत. कारखान्यातला कोणताही फिटर सांगेल, की ज्या यंत्राच्या दुरुस्तीच्या दोनशे तऱ्हा आहेत, त्या यंत्राची एकही तऱ्हा पुरती भरवशाची नाही.

आणि ते खरे आहे. छिद्र टोकाजवळ असेल तर चांगल्या हाती शंभरातली नव्वदांहून अधिक मुले एकदाच बरी होतात. पण छिद्र फार मागे असेल, बाक मोठा असेल, तर मुलांवर पुढे बरीच वर्षे नजर ठेवणाऱ्यांच्या पाहणीत तिसरा हिस्सा, कधी निम्मी मुले पुन्हा शस्त्रक्रियेकडे येतात. कुठे शिवण उसवून वाटेत छिद्र पडते आणि तिथून लघवी गळते. कुठे नळी आकसते आणि धार बारीक होते. कुठे बाक परत येतो. जुन्या काळी केस उगवणारी कातडी आत घेतली असेल, तर वयात आल्यावर नळीत केस येतात आणि त्यांवर खडे धरतात. काही बिघाड पहिल्या महिन्यात दिसतात, काही मिसरूड फुटल्यावर. दोन वर्षे ठीक गेली म्हणून फाइल बंद करणाऱ्याला आपला खरा निकाल कधी कळतच नाही.

एकदा फसलेली शस्त्रक्रिया पुन्हा करणे हे पहिल्यापेक्षा निराळेच काम आहे. पहिल्या वेळी पुढची कातडी हाताशी असते. ती निसर्गाने ठेवलेली शिल्लक. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ती संपलेली असते, जी उरते तिच्यात व्रण असतो, आणि व्रणात रक्त कमी. विटा पाडणाऱ्याची ती भुवयांमधली पट्टीच जणू तुटलेली. म्हणून मुसलमान बांधवांना आम्ही शिरूरला सांगितले तेच इथे सांगतो : मुलात हा दोष दिसला तर डॉक्टरने पाहीपर्यंत सुंता करू नये. ती कातडीच पुढे नळीला लागते.

कातडी संपली तर आणायची कुठून? उत्तर मिळाले गालाच्या आत. तोंडाच्या आतले अस्तर जाड असते, केस नसलेले असते, सदा ओले राहायला सरावलेले असते; आणि काढलेली जागा लवकर भरते. आता पाहा. कीव्हच्या सापेझ्को या शस्त्रवैद्याने हे अस्तर मूत्रमार्गाला १८९४ च्या सुमारासच वापरले होते. १९४१ मध्ये ग्रॅहॅम हंबी यांनी इंग्लंडात हायपोस्पेडिअससाठी वापरले. दोघांनीही छापून ठेवले होते. तरी ती युक्ती पडून राहिली, आणि १९९२ साली जर्मनीतील व इटलीतील शस्त्रवैद्यांनी आपापले अनुभव प्रसिद्ध केले तेव्हा कुठे ती रुळली. मधल्या पन्नास वर्षांत किती मुलांवर व्रणावरच पुन्हा टाके घातले गेले असतील! १९९५ मध्ये इंग्लंडच्या एव्हर ब्राका यांनी ड्युप्लेचे दोन टप्पे पुन्हा प्रतिष्ठेला आणले. पहिल्या खेपेला व्रण कापून काढायचा आणि तिथे अस्तराची पट्टी उघडीच पसरून ठेवायची. निदान सहा महिने थांबायचे. ती मऊ झाली, रक्त धरू लागली, की दुसऱ्या खेपेला तिची नळी वळायची. फसलेल्या मुलांसाठी आज बहुतेक जाणते हाच मार्ग धरतात. घाई केली की फसते, हे पुण्याच्या त्या माणसाला पंचवीस दिवसांच्या हिशेबाने ठाऊकच होते.

मूत्रमार्गाच्या अवघड दुरुस्तीसाठी आज लांबलांबचे रोगी ज्या शहरांत येतात त्यांत पुणेही आहे. पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांनी इटलीच्या बार्बाग्ली यांच्याबरोबर २००९ मध्ये प्रसिद्ध केलेली रीत, मूत्रमार्ग एकाच बाजूने सोडवून दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा शाबूत ठेवायचा आणि आत गालाचे अस्तर बसवायचे, परदेशातही त्यांच्या नावाने ओळखली जाते. ती मोठ्या माणसांच्या आकसलेल्या मूत्रमार्गासाठी आहे. पण लहानपणीच्या फसलेल्या शस्त्रक्रियेचे पुष्कळ धनी तिशी-चाळिशीत त्याच दारात उभे राहतात. इथे एक गोष्ट आमच्या तरुण मंडळींनी ऐकावी. गालाचे अस्तर तंबाखूने आणि गुटख्याने खराब होते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे; रांजणगावच्या कारखान्यांच्या फाटकाबाहेरच्या टपऱ्यांना ती ठाऊक नसावी. ज्याच्या तोंडाचा आ वासत नाही, त्याला शस्त्रवैद्य जिभेखालचे अस्तर शोधतात, आणि तेही बिघडलेले असले म्हणजे अडचण.

१९७० च्या सुमारास हॉर्टन आणि डेव्हाइन या अमेरिकन शस्त्रवैद्यांनी वारंवार फसलेल्या रोग्यांसाठी एक शब्द काढला. त्याचा अर्थ हायपोस्पेडिअसने पंगू झालेला. हा शब्द पुढे अनेक दशके ग्रंथांत वावरला. आता तो टाळावा असे डॉक्टरच म्हणतात. आम्हांला तो वाचून कारखान्याची आठवण झाली. यंत्राचे संरक्षक झाकण काढून ठेवलेले असते, बोटे जातात, आणि चौकशीच्या कागदावर येते 'कामगाराचा निष्काळजीपणा'. मूल पंगू नव्हते. शिवण उसवली होती. पण प्रामाणिकपणाचीही नोंद केली पाहिजे. २०१० साली इटली आणि सर्बियाच्या शस्त्रवैद्यांनी फसलेल्या १,१७६ रोग्यांचा हिशेब जगापुढे मांडला. आपल्या धंद्यातले अपयश असे मोजून मांडणारे इतर धंदेवाले आम्ही फार पाहिले नाहीत.

त्या कुरकुंभच्या गृहस्थाकडे परत येतो. आम्ही त्याला घेऊन दौंडहून सकाळच्या गाडीने पुण्याला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी मुलाला नीट तपासले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आधी कोणती कातडी वापरली आहे? तिन्ही वेळचे कागद दाखवा." गृहस्थाने पिशवी उपडी केली. पिशवीत औषधांच्या पावत्या होत्या, गाडीची तिकिटे होती, आणि 'ऑपरेशन झाले, टाके काढण्यास यावे' एवढे लिहिलेले तीन चिठोरे होते. हजेरीपट आणि पगारचिठ्ठी यांच्यासाठी आम्ही तीस वर्षे भांडलो; पण आपल्या पोराच्या शरीरात काय केले त्याचा कागद मागावा, हे आम्हांलाही कधी सुचले नव्हते. जिथे त्या शस्त्रक्रिया झाल्या त्या ठिकाणी आम्ही गेलो. आधी साहेब नाहीत म्हणाले, मग कपाटाची किल्ली नाही म्हणाले. तेव्हा आम्ही २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांचा कागद पुढे ठेवला. रुग्णाची नोंद तीन वर्षे जपावी आणि मागितल्यावर बहात्तर तासांत द्यावी, असे त्यात लिहिले आहे. शेवटच्या शस्त्रक्रियेची नोंद मिळाली. आधीच्या दोन्हींची मुदत उलटून गेली होती. त्यांत काय केले होते ते पुण्याच्या डॉक्टरांना चाकू लावल्यावरच कळले.

घरी आजी म्हणत होती, की पोराने पथ्य मोडले, वांगे खाल्ले, म्हणून टाके तुटले. आई म्हणत होती आपलेच नशीब. बाप स्वतःला दोष देत होता, की आपण स्वस्तात पाहिले. तिघेही तीन वर्षे आतल्या आत हे चघळत होते, आणि मुलगा ते सगळे ऐकत होता. पुण्याच्या डॉक्टरांनी अर्धा तास बसून त्या मुलालाच कागदावर चित्र काढून दाखवले. त्याने पहिल्यांदा प्रश्न विचारला : गालातले काढल्यावर जेवता येते का? थोडे दिवस पातळ खावे लागेल, डॉक्टर म्हणाले.

मूल सहा ते अठरा महिन्यांचे असताना पहिली शस्त्रक्रिया करावी असा आजचा सर्वसाधारण सल्ला आहे. दोष अगदी सौम्य असेल तर काहीच करू नये, किंवा मुलगा जाणता होऊन स्वतः ठरवीपर्यंत थांबावे, असे म्हणणारेही जाणकार आहेत आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, आणि त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा मुले तपासतात. पण आईने फ्रॉक घालून आणलेल्या मुलाला पथक काय तपासणार? शिरूरला आगगाडी नाही, एस. टी. ने पुण्याला जायचे, नळी घातलेले पोर मांडीवर घेऊन परत यायचे, आठवड्याने पुन्हा जायचे. प्रत्येक फेरीला एक खाडा. कर्मचारी राज्य विम्याचा मूळ कायदा १९४८ चा. २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत तो प्रथम अमलात आला. त्या योजनेत कामगाराच्या कुटुंबालाही उपचार आहेत. पण कंत्राटदाराने कार्डच काढले नसेल तर कायदा कपाटात राहतो. त्या गृहस्थाचे कार्ड आम्ही भांडून काढवले, तेव्हा मुलाची तिसरी शस्त्रक्रिया होऊन गेली होती.

चौथी आणि पाचवी शस्त्रक्रिया पुण्याला झाली, मध्ये आठ महिन्यांचे अंतर ठेवून. नंतर एक बारीक छिद्र राहिले. ते काही महिन्यांनी लहानशा शस्त्रक्रियेने मिटवले. मुलगा आता आठवीत आहे. मिसरूड फुटेपर्यंत वर्षातून एकदा दाखवायला न्यायचे आहे. गेल्या महिन्यात बाप त्याच कामासाठी रजेचा अर्ज घेऊन आला. आम्ही सवयीने विचारले, काय लिहू, हर्निया? तो म्हणाला, नाही साहेब, खरे नाव लिहितो, फक्त कसे लिहायचे ते सांगा. आम्ही एकेक अक्षर फोडून सांगितले आणि त्याने स्वतःच्या हाताने लिहिले. दोन दिवसांची रजा मागितली होती. फोरमनने दीड दिली.